दम्याचा पंप कपाटात नको, मुलाच्या दप्तरात हवा

जगातल्या एकूण दमा रुग्णांपैकी साधारण १३ टक्के रुग्ण भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. आजार तोच, औषधेही तीच, मग मरण इतके जास्त का? कारण आपल्याकडे दमा लपवला जातो, औषध अर्धवट सोडले जाते आणि ज्याला आजार आहे त्या मुलालाच काही सांगितले जात नाही.

२०२४ च्या जागतिक दमा दिनाचा विषयच दम्याचे शिक्षण हा होता. आपल्या वस्त्यांना या शिक्षणाची गरज जास्त आहे. भिवंडी-मालेगावात घराला लागून यंत्रमाग आणि हवेत सुताची धूळ. गोवंडीत देवनारचा कचराडेपो. जानेवारी २०१६ च्या आगीत धुरामुळे तिथल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्यात एका खोलीच्या घरात बिडी, मच्छर अगरबत्ती आणि लोबानचा धूर.

"पंपाची सवय लागते" हा गैरसमज घरोघरी आहे. पंपाचे औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून गोळी-सिरपपेक्षा खूप कमी मात्रा पुरते. त्याचे व्यसन लागत नाही. मुलगी असेल तर "उद्या रिश्ता कसा येणार?" म्हणून पंप कपाटात जातो. मग मूलही शिकते की ही लाजेची गोष्ट आहे, आणि वर्गात धाप लागली तरी गप्प बसते.

मुलाला शिकवायचे तरी काय? पहिले, दोन औषधांतला फरक. एक रोजचे, श्वासनळीची सूज कमी ठेवणारे. बरे वाटले तरी डॉक्टरांना न विचारता बंद करायचे नाही. दुसरे, धाप लागल्यावर लगेच आराम देणारे. हे दुसरे आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल, तर दमा ताब्यात नाही, डॉक्टरांना दाखवा.

दुसरे, पंप घेण्याची पद्धत. लहान मुलांना स्पेसर लावूनच द्या. रोजच्या औषधानंतर चूळ भरायला लावा. सहा-सात वर्षांचे मूल हे मोठ्यांसमोर करू शकते. बारा-तेराव्या वर्षी बरेच जण स्वतः सांभाळतात. तरी अधूनमधून नजर ठेवा.

तिसरे, धोक्याची खूण. वाक्य पूर्ण बोलता येत नाही, बरगड्या आत ओढल्या जातात, ओठ निळे पडतात, तर पंप देत लगेच दवाखाना गाठा.

शाळा आणि मदरशाचीही जबाबदारी आहे. पंप ऑफिसच्या कुलपात ठेवू नका. डॉक्टरांकडून कधी काय करायचे ते एका कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत वर्गशिक्षकांना द्या.

रमजानात मुले हौसेने रोजा धरतात. नाबालिगांवर रोजा फर्ज नाही, आणि आजाऱ्याला नंतर रोजे पूर्ण करण्याची सवलत आहे. रोज्यात पंप चालतो का, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या मौलानांना विचारा. रोजचे औषध सहेरी-इफ्तारला बसवता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. पण धाप लागली तर पंप लगेच घ्यायचा, हे मुलाला आधीच बजावून ठेवा.

हवा साफ करण्यासाठी पालिकेशी भांडावेच लागेल. पण ती साफ होईपर्यंत मुलाने श्वास रोखून बसायचे का? अटॅक येईल तेव्हा अम्मी-अब्बू शेजारी असतीलच असे नाही. मूल मात्र स्वतःजवळ असणारच. त्यालाच शिकवा.