सायकलस्वाराचे शिरस्त्राण

दिवाळी सरली की नेवाशाच्या परिसरात उसाच्या गळिताचा हंगाम सुरू होतो. भेंड्याच्या व सोनईच्या साखर कारखान्यांकडे ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रस्त्यावर रीघ लागते. त्याच रस्त्याच्या कडेने आसपासच्या खेड्यांतील मुले-मुली पाठीला दप्तर लावून सायकलवरून शाळेस जातात. वाटेत पडलेले उसाचे कांडे चाकाखाली आले, किंवा डांबराच्या कडेवरून चाक मुरमात घसरले, की सावकाश जाणारा सायकलस्वारही क्षणार्धात खाली येतो. गुडघा फुटला तर थोड्याच दिवसांत खपली धरते. डोके आपटले तर मात्र गोष्ट निराळी.

असे असूनही सायकलवर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, घातलेला विद्यार्थी नेवाशाला काय किंवा अन्यत्र काय, क्वचितच दृष्टीस पडतो. कायद्याचीही त्यास सक्ती नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटारसायकलस्वारास शिरस्त्राण आवश्यक ठरविले. सायकल पायांनी चालते, म्हणून ती त्या कलमात येत नाही. परंतु डोके आपटते ते रस्त्यावर, आणि पडणाऱ्याचे वाहन कोणते हे रस्ता पाहत नाही. तेव्हा हा निर्णय ज्याचा त्यानेच घरून निघण्यापूर्वी करावयाचा असतो.

शिरस्त्राणाचे वरचे कवच डोके वाचविते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे काम आतील थर्मोकोलसारख्या जाड थराचे आहे. डोके जमिनीवर आदळून एकाएकी थांबते. कवटीतला मेंदू मात्र आपल्याच वेगाने पुढे जाऊन हाडावर आपटतो. आतील थर चेपला की डोक्यास थांबण्यासाठी किंचित अधिक अवधी मिळतो आणि आघात अधिक जागेवर पसरतो. वेगाने येणारा चेंडू झेलताना हात मागे घेणारा खेळाडू हेच करीत असतो. म्हणूनच एकदा आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी ते टाकून द्यावे लागते.

हे ज्ञान मोठी किंमत देऊन मिळाले. १९३५ साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स हा प्रसिद्ध लेखक व सेनानी मोटारसायकलवरून जात होता. अचानक समोर दोन सायकलवाली मुले दिसली. त्यांना चुकविताना तो फेकला गेला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे अशा दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले. तरीही सायकलच्या मोठ्या शर्यतींत सक्ती येण्यास २००३ साल उजाडले. त्या वर्षी कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव शर्यतीत पडून दगावला होता.

हॉलंडमध्ये बहुतेक सायकलस्वार शिरस्त्राण घालीत नाहीत, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही; परंतु त्या देशात सायकलींसाठी ठिकठिकाणी स्वतंत्र मार्ग बांधलेले आहेत. येथे तीच कडा ट्रॅक्टरचीही असते. अर्थात, अंगावर आलेल्या ट्रॅक्टरपुढे शिरस्त्राणाची मात्रा फारशी चालत नाही. रस्त्याच्या कडा भरणे, उसाच्या वाहनांमागे चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावणे ही मोठ्यांची कामे आहेत; ती मुलांच्या डोक्यावर ढकलून चालणार नाही. आणि ज्या घरी सायकलच मोठ्या कष्टाने आली, तेथील मुलास शिरस्त्राण नाही म्हणून बोल लावणे अन्यायाचे होईल.

ज्यांस ते घेणे शक्य आहे, त्यांची अडचण बहुधा पैशाची किंवा उन्हाची नसते. मित्र ‘भित्रा’ म्हणतील, ही ती अडचण. १६५९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज प्रतापगडाखाली अफजलखानास भेटावयास गेले, तेव्हा त्यांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घातला होता, असे इतिहासकार सांगतात. त्यांस भित्रे कोण म्हणेल?

वर्गातील एकानेच शिरस्त्राण घातले तर चार दिवस त्याची थट्टा होईल. दहा जणांनी घातले, तर शाळेत सायकली लावण्याच्या जागी ती हँडलांना अडकविलेली दिसतील, आणि कोणी मान वळवूनही पाहणार नाही.