घरातील बंदूक : निवड कायद्याची, कसोटी विवेकाची

रायपूर : शंकर नगरसारख्या वस्तीत घराच्या रक्षणासाठी पहिले शस्त्र घेणाऱ्याची निवड मुख्यतः कायदाच ठरवितो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ नुसार किमान २० इंच लांबीच्या गुळगुळीत नळीची, उदाहरणार्थ बारा बोरची, बंदूक संरक्षणासाठी मिळणे तुलनेने सुकर आहे. पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावे लागते. पोलीस अहवाल दोन्ही प्रकरणांत मागविला जातो.

२०१६ च्या नियमांनी प्रशिक्षण व शस्त्राच्या सुरक्षित साठवणुकीवर भर दिला. भरलेली बंदूक चोराआधी घरातील मुलांच्या हाती लागू शकते, हे त्यामागील वास्तव.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३७ आवश्यकतेहून अधिक इजा करण्यास मनाई करते. त्यामुळे नेम साधण्याइतकेच गोळी केव्हा झाडू नये, हे शिकणेही अपरिहार्य ठरते.