कातकऱ्याचा कामठा आणि आपली वीट

धरमतर खाडीच्या परिसरात, पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांत कुणी बांबू तासून तीरकामठा केला, की आपल्याकडे शेरा ठरलेला: ‘हिंसक लोक!’

मला हे पटत नाही. शिकार ही संकल्पी हिंसाच. तिची बाजू मी घेणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही ती बंद केली आहे. पण कातकरी हे नाव पडलं काथावरून. खैराची झाडं गेली, काथ पाडायचा धंदा गेला. आता दिवाळीनंतर उचल घेऊन घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

त्या विटांच्या भिंती कुणाच्या? हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त वीट भाजणं अंगारकर्मात धरलंय. पंधरा कर्मादानांतलं ते पहिलंच. श्रावकाला वर्ज्य! त्याचा बाण दिसतो, आपली भट्टी दिसत नाही?

म्हणून बायांनो, घराचं काम काढाल तेव्हा विटांचा भाव करण्याआधी विचारा: भट्टीवरच्यांची उचल फिटते का, त्यांची मुलं शाळेत जातात का? एवढं केलं, की मग त्याला कामठा खाली ठेव म्हणायला आपलं तोंड उरेल.