करुणेची हजेरी

वार्षिक पारितोषिक समारंभात क्रीडा आणि वक्तृत्व यांच्या ढालींबरोबर समाजसेवेचेही पारितोषिक देण्याचा प्रघात आपल्या महाविद्यालयांत रूढ झाला आहे. कॅथलिक विद्यापीठांतून तर सेवा व करुणा यांसाठी स्वतंत्र सन्मान दिले जातात. शिक्षणाने इतरांसाठी जगणारी माणसे घडवावीत, हा त्यामागील विचार जेझुइट संघाचे प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ मध्ये व्हॅलेन्सिया येथे मांडला होता. त्याच परंपरेतील मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने ६० तासांचे समाजकार्य अभ्यासक्रमाला जोडले. आपली राष्ट्रीय सेवा योजना त्याही आधीची, १९६९ च्या गांधी जन्मशताब्दी वर्षातली. तिचे दोन वर्षांत २४० तास, आणि त्याबद्दल मुंबई विद्यापीठाने ठेवलेले सवलतीचे १० गुण! २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर सामुदायिक सहभागाचे थेट श्रेयांकच झाले.

मोबदला ठेवला की सेवा वाढेल, हे वरवर सरळ अर्थशास्त्र आहे. परंतु रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या अभ्यासातून नेमकी उलट शंका उपस्थित केली: पैसे देऊ लागताच दातृत्व आटते आणि रक्ताचा दर्जाही घसरतो. गुण म्हणजे पैसे नव्हेत हे खरे. पण फेब्रुवारी उजाडला की तासांच्या वह्यांवर सही मागण्यासाठी लागणारी रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक फारसा मोठा वाटणार नाही. त्या सह्या मीही केल्या आहेत.

अंधेरीचे 'स्नेहसदन' रिकार्डो फ्रान्सिस या जेझुइट धर्मगुरूंनी १९६२ मध्ये रस्त्यावरच्या व रेल्वे फलाटांवरच्या मुलांसाठी स्थापन केले. एका प्रचंड वसतिगृहाऐवजी लहान लहान घरे, अशी त्याची रचना. पुढे फादर प्लासिडो फोन्सेका यांनी अनेक दशके हे काम वाहिले. अशा मुलाचा बहुधा एकदा तरी विश्वासभंग झालेला असतो. त्याला गणित शिकवायला येणारा विद्यार्थी साठावा तास भरताच दिसेनासा झाला, तर वहीत सेवा जमा होते आणि मुलाच्या खाती आणखी एक विरह. मग हे तास मोजायचे कोणाच्या बाजूने?

दुसरा अन्याय अधिक सूक्ष्म आहे. मोकळा वेळ हीही एक संपत्तीच. दुपारी कॉलेज सुटताच घाटकोपरच्या दुकानात हिशेब लिहिणारा, किंवा मुलुंडच्या चाळीत अंथरुणाला खिळलेल्या आजीचे सारे करणारी मुलगी, यांच्या वहीत एकही तास भरत नाही. व्यासपीठावर बोलावले जातात ते बहुधा ज्यांना संध्याकाळी कमवावे लागत नाही ते.

पारितोषिके बंद करा, असे मी म्हणणार नाही. कौतुकाने काही मुले खरोखरच त्या वाटेला लागतात. मात्र गुणांशी त्यांची बांधलेली गाठ सोडावी. घरातील शुश्रूषाही सेवेत धरावी. आणि सन्मान द्यायचाच, तर तास संपल्यावर वर्षभराने द्यावा. तोपर्यंत तो विद्यार्थी त्या मुलांकडे अजून जातो का, एवढे संस्थेला विचारावे.