सूचना करणारा फुटीर कसा?

एप्रिल जवळ आला की धाराशिव जिल्ह्यात गावोगावी जयंती समितीच्या बैठका बसतात. वर्गणी ठरते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, डीजे ठरतो. शेवटी अध्यक्ष विचारतात, "कुणाची काही सूचना?" तोवर लोक चपला शोधत असतात.

अशाच एका बैठकीत बारावीतल्या एका मुलीने दोन सूचना केल्या. डीजेचा खर्च कमी करून विहारात अभ्यासिका काढा आणि जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावा. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून विषय संपवला गेला. तिने तेच समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. संध्याकाळपर्यंत ग्रुप 'फक्त ॲडमिन' झाला आणि तिच्या वडिलांना विचारणा झाली, "पोरीला कोणत्या गटाने शिकवलं?" पुढच्या वर्षी ती बैठकीला आलीच नाही.

आमचा सवाल आहे, ही रीत कुणाची? बाबासाहेबांची तर नक्कीच नाही.

संविधानाचा मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये लोकांपुढे ठेवला गेला. त्यावर सुमारे 7,635 दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या 2,473 सभागृहात मांडल्या गेल्या. "तुम्हाला काय कळतं?" असं म्हणण्याचा अधिकार कुणाला असलाच, तर तो मसुदा समितीच्या अध्यक्षांना होता. त्यांनी मात्र कलमागून कलम उत्तरं दिली. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात तर त्यांनी कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, कुंझरू अशा सतत हरकती घेणाऱ्या सदस्यांचे नावं घेऊन आभार मानले. त्यांच्या सूचना आपण स्वीकारल्या नाहीत, म्हणून त्यांचं मोल कमी होत नाही, असं सांगितलं. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघातल्या ठराव, गणसंख्या आणि मतदानाच्या नियमांची आठवण दिली, आणि राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल इशाराही दिला.

संघात उपसंपदेचा विषय आधी ज्ञप्ती म्हणून मांडला जातो, मग तीनदा विचारलं जातं. ज्याला मान्य नाही त्याने बोलावं, मान्य असलेल्याने मौन राखावं. आपल्याकडे उलटं झालं आहे. जो बोलतो त्यालाच गप्प केलं जातं, आणि त्या मौनाला एकमत म्हटलं जातं.

कार्यकर्ते म्हणतात, सूचना करणारे शंभर, सतरंज्या उचलणारे चार. खरं आहे. आम्हीही सतरंज्या उचलल्या आहेत. म्हणून प्रत्येक सूचना मान्य करा, असं आमचं म्हणणं नाही. नाकारा, पण कारण सांगून नाकारा. सूचना करणाऱ्यानेही नावानिशी लेखी द्यावी आणि मान्य झाली तर कामाला हात लावावा.

त्यासाठी एक वही पुरे. तिच्यात चार रकाने आखा : सूचना, कुणाची, निर्णय, कारण. दर बैठकीची सुरुवात मागच्या पानाच्या वाचनाने करा. जमाखर्चाची सूचना नाकारायची असेल, तर तिचंही कारण त्याच वहीत लिहा. लिहिताना हात अडखळला, तर का अडखळला, याचा विचार समितीनेच करावा.

1941 साली बाबासाहेब परिषदेसाठी कसबे तडवळ्याला आले होते, हे आपण अभिमानाने सांगतो. परिषद म्हणजे माणसांनी जमून ठराव मांडणं, त्यावर बोलणं. ज्या बैठकीत एका मुलीला बोलता येत नाही, तिथे भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावून काय उपयोग?

यंदाच्या बैठकीआधी तिच्या घरी जा. तिला बोलवा, आणि वहीचं पहिलं पान तिच्या सूचनेने सुरू करा.

जयभीम.