सोयराबाईंच्या हाती विषाचा पेला कोणी दिला?

शिवछत्रपतींची पट्टराणी रंगमंचावर आली की तिचा निवाडा प्रेक्षकाने आधीच केलेला असतो. कपाळी आठी, कानाशी कुजबुज आणि मनात राजारामांचे सिंहासन! कानेटकरांच्या 'रायगडाला जेव्हा जाग येते'पासून २०२५ सालच्या 'छावा' चित्रपटापर्यंत साचा थोडाफार बदलतो, सुटत मात्र नाही. लोकप्रवाद तर याहून पुढे जातो. तो तिच्या हाती विषाचा पेलाच देतो.

यास आधार कोणता? महाराजांचे निर्वाण ३ एप्रिल १६८० रोजी झाले. सभासद ज्वराची व्यथा सांगतो, मुंबईकर इंग्रजांचे त्याच महिन्यातील पत्र रक्तातिसार सांगते. सभासदाने बखर राजारामांच्या आज्ञेने लिहिली, तेव्हा तो मातोश्रींना सांभाळून घेईल, हा आक्षेप रास्त आहे. पण मुंबईच्या टोपीकरांना रायगडावर कोणाची भीड होती?

सोयराबाई निष्कलंक होत्या असे नव्हे. दहा वर्षांच्या राजारामांचे मंचकारोहण झाले, युवराजांना पन्हाळ्यावर कैद करण्याचा बेत रचला गेला. हे घडलेच. परंतु त्या रायगडावर क्षणभर उभे राहून पाहावे. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज दिलेरखानाच्या छावणीत गेले होते, ती जखम ताजी होती. अण्णाजी दत्तोंसारखे मातब्बर मुत्सद्दी राजारामांच्या पक्षास होते. ज्या राणीचा सहा वर्षांपूर्वी याच गडावर महाराजांसमवेत अभिषेक झाला, तिने पुत्राचा अधिकार मागावा, यात केवळ कैकेयीच दिसावी? आणि सख्खा भाऊ, सरनौबत हंबीरराव मोहिते, बहिणीला सोडून शंभूराजांकडे गेला. भावा-बहिणीचा हा प्रसंग कोणत्याही समर्थ लेखणीला आव्हान ठरावा. आमच्या नाटककारांना मात्र विषाचा पेलाच अधिक सोयीचा वाटतो.

आश्चर्य असे की सर्वाधिक अन्याय ज्यांच्यावर झाला, त्या शंभूराजांनीच ऑगस्ट १६८०च्या संस्कृत दानपत्रात या सापत्नमातेचे मन स्फटिकासमान निर्मळ म्हटले आहे. शंभूभक्त म्हणवणाऱ्यांनी निदान हे तरी वाचावे!

पुढील वर्षी नवा कट उघडकीस आला, अण्णाजी दत्तो प्रभृतींना देहान्त शासन झाले आणि ऑक्टोबरात राणीसाहेबही गेल्या. त्या दानपत्रापासून या मृत्यूपर्यंतचे चौदा महिने रायगडाच्या राणीवशात कसे गेले असतील, ती कादंबरी मराठीत कोणी लिहिणार आहे काय?