कुत्रा चावण्याआधी खर्च कोण करणार?

पाळलेला कुत्रा शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जाऊ लागला की सोसायटीचं पत्र लगेच येतं. घरी येणारा ट्रेनर मात्र रिक्षा चालवणाऱ्याला परवडत नाही. मग उरते काठी, नाहीतर शहराबाहेर नेऊन सोडणं.

उपासमारीने हाल होतील अशा अवस्थेत विनाकारण सोडणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये. कायदा १९६० चा!

आणि काठी? मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं थांबवतो, भीती तशीच राहते. पुढच्या वेळी तो इशारा न देता चावतो. आक्रमक कुत्र्यालाही बक्षीस देऊनच शिकवा, असं अमेरिकेतील प्राणीवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

चावल्यानंतरची रेबीजची लस सरकारी रुग्णालयात मोफत असते, आधीची शिकवणी मालकाच्या खिशातून. हे उलटं गणित आहे. महापालिका कुत्र्यांच्या परवान्याचं शुल्क घेतात. त्यातून पालिकेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रविवारचे वर्ग सुरू करता येतील. आधी कान, दात, सांधे तपासावेत, कारण दुखण्यानेही कुत्रा चावतो. पिवळं, केशरी रेशनकार्ड असलेल्यांकडून फी घेऊ नये.